सारंगला आधी दिसायचं

लव्हालहून फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून तो विलासने घेतला. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "हो हो, बेसमेंट रिकामंच आहे. मुलगी टोरांटोला शिकते नं आता. अवश्य पाठवा. कोणत्या युनिव्हर्सिटीत येतोय म्हणालात?" मग विलास म्हणाला, "हॉकी? म्हणजे नुसतं हॉकी?" फोनवर हात धरून तो माझ्याकडे वळला. इतकी वर्षं कॅनडात काढूनही, गोंधळला की माझ्या नवऱ्याच्या तोंडून थेट नागपूर बाहेर पडतं. "अगं, हे पोरगं शिकायला नाही येऊन राहिलं. हॉकी खेळायला येऊन राहिलं. बर्फावरची. नोकरीच आहे म्हणते त्याची!"

दोन हजार सात-आठचा तो सुमार. विनिपेगमध्ये तेव्हा मराठी घरं इतकी कमी होती की दुसऱ्या गावातल्या कुणाला इथे मुलगा पाठवायचा असला, तर तो फोन फिरत फिरत आमच्याकडेच यायचा. सारंगचे वडील मूळचे पुण्याचे, विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. आई, वसुधा, तिथल्याच एका डेकेअरमध्ये. मुलगा लव्हालमध्येच, फ्रेंच बोलणाऱ्या त्या गावात, जन्मलेला आणि चालायला लागल्यापासून बर्फावर असलेला. आता विनिपेगच्या टीमने त्याला करारावर घेतलं होतं, फॉरवर्ड म्हणून. म्हणजे पुढे राहून हल्ला करायचा, गोल करायचे. ही टीम मोठ्या लीगमधली नव्हती, तिच्या खालच्या लीगमधली होती. इथे चांगलं खेळणाऱ्या मुलाला कधीही वरून बोलावणं यायचं, आणि ज्यांना यायचं नाही त्यांची वर्षं तशीच निघून जायची. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच विचारलं, "वरणभात खातो का तो?"

टॅक्सीतून तो उतरला तेव्हा मला वाटलं, हा बॅगा पोचवायला आलेला कुणी असेल, खेळाडू मागून येत असेल. शिडशिडीत अंगाचा, लांब पापण्यांचा, हनुवटीवर एक पांढरा व्रण. हातात, आत माणूस मावेल एवढी बॅग आणि काखेत स्टिकांचा भारा. दारातून आत आला तो थेट कोट अडकवायच्या स्टँडवर आपटला आणि त्या स्टँडला म्हणाला, "पार्दाँ."

जमिनीवर त्याचं कधी नीट जमलंच नाही. दाराच्या चौकटी, टेबलाचे कोपरे, माझी खिडकीतली तुळशीची कुंडी, सगळ्यांना तो धडकायचा आणि सगळ्यांची फ्रेंचमध्ये माफी मागायचा. पावलं बाहेरच्या बाजूला टाकत, होडीतून नुकत्याच उतरलेल्या माणसासारखा चालायचा. पुढचा एक दात खोटा होता. तो काढून ठेवायचा आणि विसरायचा. विलासला एकदा चहाच्या कपाशेजारी तो दिसला, तर बिचारा कितीतरी वेळ स्वतःचे दात चाचपत बसला होता.

त्याचं मराठी आईच्या तोंडून आलेलं. वडील कामावर, दिवसभर आईच बोलायची, त्यामुळे पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "काकू, मी आंघोळ करून येते." विलास हसून हसून लाल झाला. सारंगला काय चुकलं ते कळलं, पण तो लाजला नाही. "हो, मी येतो. आई येते. मी येतो," असं दोनदा घोकून आंघोळीला गेला. भाषांचा मात्र त्याने विचार केलेला असायचा. एकदा जेवताना म्हणाला, "काकू, मराठीत तू आणि तुम्ही आहे. फ्रेंचमध्ये पण आहे, तू आणि व्हू. इंग्लिशमध्ये नाही."

"मग?"

"मग कोच इंग्लिशमध्ये ओरडतो तेव्हा कळत नाही, तो मला तू म्हणतोय की तुम्ही. मी तुम्ही समजते. समजतो. मग राग नाही येत."

सामन्याच्या दिवशी दुपारी तो झोपायचा. सगळेच खेळाडू झोपतात म्हणे, पण इतर पडदे ओढून, अंधार करून. सारंगला अंधारात झोप यायची नाही. वर आमच्या पुढच्या खोलीत, जिथे हिवाळ्याचं तिरपं ऊन गालिच्यावर पडतं, तिथे तो उन्हाच्या तुकड्यात पाठीवर पडायचा. ऊन सरकलं की झोपेतच त्याच्याबरोबर थोडा सरकायचा. त्या वेळात घर कसं हळू होऊन जायचं. मी कुकर लावायची नाही. विलास वर्तमानपत्राचं पान जपून उलटायचा. झोपेत सारंगची बोटं हलत असत, डोळे पापण्यांखाली इकडून तिकडे फिरत असत, आणि मधूनच चेहऱ्यावर असं काही यायचं की वाटावं, याला आतून कुणीतरी काहीतरी सुंदर दाखवतंय. मी दारात उभी राहून बघायची. मग माझीच मला शरम वाटायची आणि मी स्वयंपाकघरात जायची.

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा विलासने त्याला फावडं दिलं आणि ड्राइव्हवे शोव्हल करायला पाठवलं. बराच वेळ झाला, फावड्याचा आवाज येईना. विलास बूट चढवून बाहेर गेला, मी दारातून बघत होते. अर्धाच ड्राइव्हवे साफ झालेला आणि सारंग मधोमध मान वर करून उभा. टोपीवर, खांद्यांवर बोटभर बर्फ साचलेला.

"अरे, काय करून राहिला तू?"

"काका, बघा ना," तो म्हणाला. "एवढे सगळे खाली येतात. एक पण दुसऱ्याला लागत नाही."

विलासनेही वर पाहिलं. पाहतच राहिला. मग म्हणाला, "ते ठीक आहे रे. पण मला गाडी काढायची आहे नं."

आम्ही दोघं त्याचा पहिला सामना बघायला गेलो ते लग्नाला जाताना जावं तसे, कडक कपडे घालून. खेळातलं काही कळत नव्हतं. विलास मला प्रत्येक गोष्ट क्रिकेटमध्ये समजावून सांगायचा प्रयत्न करत होता आणि मध्येच त्याचंच अडकत होतं. कुणीतरी सारंगला बाजूच्या काचेवर असं दाबलं की काच थरथरली. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "अरे ए! ढकलतोस काय त्याला!" पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून मला पॉपकॉर्न देऊ केलं.

पण बर्फावर आल्यावर तो कुणालाच धडकत नव्हता. तो लोकांच्या मधून जायचा, आपण झोपलेल्या माणसांच्या खोलीतून जातो तसा. इतका अलगद की बाकीचे उगाचच दमताहेत असं वाटावं. एकदा तो पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, घेऊन कोपऱ्याकडे निघाला, तिघेजण त्याच्या मागे. आणि त्याने न बघता पक मागे सोडून दिला, जिथे कुणीच नव्हतं. मी म्हटलं, गेला. आणि त्या रिकाम्या जागेत ट्रेव्हर आला. ट्रेव्हर म्हणजे शेजारच्या सास्कॅचेवान प्रांतातल्या शेतावरचा एक दांडगा मुलगा. रोज सकाळी पिकअप घेऊन सारंगला प्रॅक्टिसला न्यायला यायचा तो. त्याने गोल केला. सगळी टीम ट्रेव्हरच्या अंगावर पडली. सारंग थोडा लांब, एकटाच, हळूहळू एक गोल चक्कर मारत होता, हात सैल सोडून.

घरी येऊन वरणभात खाताना मी विचारलं, "तुला कसं कळलं रे, तो तिथे येणार?"

"दिसला."

"पण तो तिथे नव्हताच."

"नव्हता. पण येणारा दिसतो, काकू. आधी दिसतो." मला कळलं नाही हे त्याला कळलं. त्याने जरा विचार केला. "तुम्हाला पोळी फुगायच्या आधी माहीत असतं ना, ही फुगणार. तसं."

"आणि तू स्वतः का नाही मारलास? जाळी समोर तर होती," विलासने विचारलं.

"गोल झाला की सगळे थांबतात, काका. हॉर्न, शिट्टी, मिठ्या. पास दिला की सगळं चालू राहतं." आणि ताटातला लिंबाचा तुकडा पुन्हा पिळून बघत म्हणाला, "से बाँ, काकू. मस्त झालंय. अजून थोडा भात?"

त्या फेब्रुवारीत त्याने मला नदीवर नेलं. विनिपेगला हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरचा बर्फ खरवडून स्केटिंगची लांबच लांब वाट करतात. इतकी वर्षं मी ती पुलावरून, गाडीच्या काचेतून बघत आले होते. मुलीचे जुने स्केट्स माझ्या पायात घालून सारंगने स्वतः गुडघ्यावर बसून नाड्या आवळल्या आणि माझ्यापुढे आमच्याच स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली. "हिला धरा आणि ढकलत चला. लहान मुलं अशीच शिकतात." तर मी, पन्नाशीला आलेली बाई, जाडजूड पार्का कोट घालून, खुर्ची ढकलत, गोठलेल्या नदीवरून निघाले. थंडी अशी की पापण्यांवर श्वासाची वाफ गोठून पांढरी व्हावी. आभाळ निळंशार, वारा अजिबात नाही. दोन्ही काठांवरची झाडं धुक्याची केल्यासारखी. सारंग पुढे जायचा, लहान ठिपका व्हायचा, परत यायचा, काही न बोलता माझ्याभोवती फेरी घेऊन पुन्हा जायचा. त्याच्या स्केट्सचा आवाज तेवढा, रेशमी कापड फाडावं तसा.

वाटेत एका वळणावर तो थांबला आणि सरळ बर्फावर आडवा झाला, कान टेकून. "काकू, ऐका."

"उठ रे, गारठशील."

"एकदाच."

मी खुर्चीचा आधार घेत घेत खाली बसले, मग आडवी झाले, टोपी सरकवून कान बर्फाला लावला. आधी काहीच नाही. मग खूप खोलवरून एक आवाज आला. लांब कुठेतरी भलामोठा दरवाजा कुणी हळूच लोटावा तसा. बर्फातून तो आमच्या खालून गेला आणि पलीकडच्या काठाशी विरला.

"खाली नदी चालूच असते," सारंग कुजबुजला. "आपण वर आहोत हे तिला माहीत पण नाही."

लोक आम्हाला वळसा घालून जात होते. एका बाईने विचारलं, सगळं ठीक आहे ना. सारंग म्हणाला, ठीक आहे, आम्ही ऐकतोय. ती हसली आणि पुढे गेली. मी किती वेळ तशी पडून होते कोण जाणे. या देशात येऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण मला वाटतं, मी इथे खरी पोचले ती त्या दुपारी.

वरून बोलावणं आलं ते असंच एका दुपारी. त्याचा फ्लिप फोन स्वयंपाकघरात वाजत होता आणि तो मागच्या अंगणात खारीकडे बघत उभा होता. मीच फोन घेऊन धावले. "ओके," तो म्हणाला. "ओके. मेर्सी. थँक यू." मग फोन मिटवून माझ्याकडे वळला. "काकू, मला कॅल्गरीला जायचंय. उद्या. मोठी टीम तिथे खेळतेय. त्यांचा एक फॉरवर्ड पडला, लागलं त्याला."

लव्हालहून आईवडील विमानाने कॅल्गरीला निघाले. आम्ही इथल्या मराठी मंडळातल्या दोन घरांना बोलावलं, बटाटेवडे तळले, टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या. सारंगला फार खेळवलंच नाही. तो बाकावर बसलेला मध्येच दिसायचा तेव्हा आमच्या खोलीत टाळ्या व्हायच्या. सामना संपत आला, दोन्ही बाजू बरोबरीत, आणि कशी कोण जाणे, सारंगला वाट मोकळी झाली. तो एकटाच पुढे निघाला. गोलकीपर त्याला अडवायला बाहेर झेपावला तो आडवा पडला. पुढे नुसती जाळी. आमच्याकडे सगळे उभे राहिले. विलास ओरडला, "मार!"

सारंगने पास दिला.

शेजारून येणाऱ्या एका जुन्या, नावाजलेल्या खेळाडूला. पास अगदी हवा तिथे गेला होता. पण समोर जाळी मोकळी असताना कुणी पास देईल हे त्या माणसाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याची स्टिक वर होती, जल्लोष करायच्या बेतात. पक त्याच्या पायांजवळून कोपऱ्यात निघून गेला. थोड्या वेळाने दुसऱ्या टीमने गोल केला आणि सामना संपला. टीव्हीवर मात्र ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत राहिले, पुढून, वरून, संथ करून. समालोचक आधी चकित झाला, मग हसला. वडे थंड झाले. पाहुण्यांनी लवकर कोट चढवले.

आणखी थोडेच दिवस ठेवून त्याला परत पाठवलं. सकाळी तो नेहमीसारखा टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून नाश्त्याला बसला. विलासला राहवेना. "अरे, मारायचं होतं नं बाप्पा! जाळी मोकळी होती!"

"तो जास्त मोकळा होता, काका."

"पण चुकला नं तो!"

"हो. तो चुकला." त्यात तक्रार नव्हती. बाहेर ऊन आहे, असं सांगावं तसं तो म्हणाला.

पण त्यानंतर त्याच्या कानावर एकच गोष्ट पडत राहिली. कोच म्हणायचा, शूट. वसुधा फोनवर म्हणायची, अरे, एकदा मारून तर बघ. ट्रेव्हरसुद्धा म्हणायचा. आणि मुलाला वर जायचं होतं. इतकी वर्षं त्यासाठीच घालवली होती. त्या उन्हाळ्यात त्याने आमच्या गॅरेजच्या भिंतीला जाड प्लायवूड ठोकलं, त्यावर चौकटी आखल्या, आणि रोज तासन् तास पक मारत बसला. धप्प. धप्प. धप्प. पुढच्या सीझनला तो गोल करायला लागला. वर्तमानपत्रात कोपऱ्यात नाव यायला लागलं. लव्हालला आनंद झाला, विलास कात्रणं ठेवायला लागला. मला बोलायला जागा नव्हती, पण मला वाटायचं, हा आता जेवताना गप्प असतो.

जानेवारीतला सामना. आम्ही होतो. तो पक घेऊन आला, आणि मी त्याला कधी पाहिलं नव्हतं असं पाहिलं. त्याची मान खाली होती, मग त्याने वर केली ती फक्त जाळीकडे बघायला. बाकी बर्फावर कुणी नाहीच जणू. त्याने मारलं. आणि त्याच क्षणी बाजूने एकजण पूर्ण वेगाने त्याच्यावर येऊन आदळला.

त्या आदळण्याचा आवाज मला आठवत नाही. नंतर पसरलेली शांतता आठवते. एवढी माणसं आणि कुणी खोकतही नव्हतं. त्याचा एक हातमोजा लांब जाऊन पडला होता. ट्रेव्हर त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्याशी बोलत होता. विलासने माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसले. गोल झाला होता हे आम्हाला घरी आल्यावर कळलं.

हाडबिड काही मोडलं नव्हतं. मार मेंदूला बसला होता. डॉक्टरांनी अंधार सांगितला. वाचायचं नाही, टीव्ही नाही, उजेड नाही, आवाज नाही, किती आठवडे ते सांगता येत नाही. बेसमेंटच्या एवढ्याशा खिडकीला मी जाड ब्लँकेट लावलं. उन्हाच्या तुकड्यामागे सरकणारा मुलगा तिथे दिवसचे दिवस डोळे मिटून पडला.

मी हॉस्पिटलच्या लॅबमधलं काम आटोपून आले की वरच्या खिडकीतून एकदा बाहेर बघायची आणि खाली जाऊन त्याच्याजवळ खुर्चीवर बसायची. एके दिवशी तो म्हणाला, "काकू, बाहेर काय आहे सांगा."

"बर्फ आहे."

"कसा?"

मला सांगता येईना. मी पुन्हा वर गेले आणि नीट बघून आले. मग रोजच तसं व्हायला लागलं. मी बघून यायची आणि हळू आवाजात सांगायची. आज बर्फ निळसर आहे, सावल्या जांभळ्या आहेत. धुराड्यांतून वाफ सरळ वर जातेय, वारा नाही. समोरचे युक्रेनियन आजोबा गाडीवरचा बर्फ झाडतायत, लाल टोपी घालून. त्यांची कुत्री पाय वर उचलून उचलून चालतेय. तो डोळे मिटून ऐकायचा. सुरुवातीला मध्येच म्हणायचा, "आता कुत्री घराकडे पळेल." आणि मी म्हणायची, अरे हो, पळालीच की. काळोखात त्याचं हसू ऐकू यायचं. पण एकदा म्हणाला, "आजोबा आता फावडं ठेवून कमरेवर हात ठेवतील." मी म्हटलं, "नाही रे, आज ते तसेच आत गेले." तो म्हणाला, "असं?" आणि भिंतीकडे कूस वळवली. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

वसुधा येऊन राहिली. फोनवर ऐकलेली बाई प्रत्यक्षात एवढीशी होती, सारंगच्याच पापण्यांची. दिवसभर खाली त्याच्याजवळ बसायची आणि तो झोपला की माझ्याजवळ ओट्याशी येऊन उभी राहायची. "पहाटे न्यायचे त्याला रिंकवर," ती म्हणाली. "गाडीत झोपलेला असायचा. झोपेतच स्केट्स बांधायचे, उचलून बर्फावर ठेवायचे. आणि बर्फाला पाय लागला की डोळे उघडायचा. मला वाटायचं, हा तिकडेच जागा होतो." तिने हातातला कप पुन्हा पुन्हा पुसला. "आता त्याला थांब म्हणायला जीभ रेटत नाही. आणि खेळ म्हणायलाही नाही."

"मग नका म्हणू काहीच," मी म्हटलं. "त्याला बोलू दे."

मार्चमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. शेवटचे काही सामने तो खेळला, पुन्हा आपल्या जुन्या पद्धतीने. शेवटच्या सामन्यात त्याने दोघांच्या मधून, सुईच्या नेढ्यातून दोरा काढावा तसा एक पास दिला आणि ट्रेव्हरने गोल केला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. विलास अनोळखी माणसांना मिठ्या मारत होता. टीमने पुढच्या वर्षाचा करारही देऊ केला. मला वाटलं, चला, परत आला मुलगा.

त्यानंतरच्या रविवारी नाश्त्याला तो संत्रं सोलत बसला होता. सगळं सोलून झालं, फोडी ताटलीत लावून झाल्या, तरी खाईना. मग म्हणाला, "काकू, काका, मी खेळायचं थांबतोय."

"काहून?" विलास उभाच राहिला. "अरे, परवाचा काय पास होता तुझा! लोक वेडे झाले!"

"काका, तो पास मी बघून दिला."

"मग? बघूनच देते नं माणूस!"

"आधी मी बघून नव्हतो देत." तो शब्द शोधत होता, मराठीत, सावकाश. "आधी जे येणार आहे ते दिसायचं. आता जे आहे तेवढंच दिसतं. थोडासाच उशीर होतो. कुणाला कळत नाही. कोचला नाही, ट्रेव्हरला पण नाही. मला कळतं. आणि मग पुन्हा कुणीतरी बाजूने येईल, तो पण मला आल्यावरच दिसेल."

विलासचे डोळे भरून आले होते आणि तो चिडल्यासारखा बोलला. "अरे वेड्या, आम्हाला सगळ्यांना तर जन्मभर जे आहे तेवढंच दिसते! जगूनच राहिलो नं आम्ही!"

सारंगने त्याच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. कितीतरी महिन्यांनी. "हो काका," तो म्हणाला. "म्हणून तर. मी पण तसाच जगून बघतो." आणि ताटली आमच्याकडे सरकवली. ते संत्रं आम्ही तिघांनी मिळून संपवलं.

दुपारी त्याने वसुधाला फोन केला. तो काय बोलला ते मी ऐकलं नाही, मुद्दाम बाहेर गेले. परत आले तेव्हा तो खालची बॅग वर आणत होता.

पुढचं सांगायचं तर, तो लव्हालला परतला, उशिरा का होईना शिकला, आणि आता तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. लग्न झालं आहे. फोन येतो, वसुधाकडून खुशाली कळते. पण आमची गाठ पुन्हा पडली नाही, म्हणून माझ्याजवळ त्याचं शेवटचं रूप आहे ते स्टेशनवरचं.

एप्रिल होता. विमानाने सगळा देश वरूनच बघितला, म्हणून घरी आगगाडीने जायचं त्याने ठरवलं होतं. सगळ्या स्टिका ट्रेव्हरला देऊन टाकल्या होत्या. हातात एक साधी बॅग आणि मी दिलेला थालीपिठांचा डबा. गाडी उशिरा होती. स्टेशनच्या उंच घुमटाखाली आम्ही बाकावर बसलो, काहीबाही बोललो. विलासने त्याच्या जॅकेटची चेन उगाचच गळ्यापर्यंत ओढून दिली. मग गाडीची घोषणा झाली. तो आमच्या पाया पडला, तिथे, सगळ्यांसमोर. पोचवायला आलेल्यांना वर फलाटावर सोडत नव्हते. जिन्याच्या तोंडाशी तो वळून हात करणार, तेवढ्यात त्याच्या पुढे एक तरुण बाई प्रॅम घेऊन अडलेली त्याला दिसली. बाळ आत, सामान खांद्याला, आणि समोर उंच जिना. त्याने बॅग पाठीवर टाकली, डबा काखेत मारला, आणि वरच्या बाजूला जाऊन प्रॅमची पुढची चाकं उचलली. ती बाई खालून, हा वरून, उलट्या पावलांनी. त्यामुळे तो जात होता वर, पण तोंड आमच्याकडेच होतं.

आम्ही हात हलवत होतो. त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो वाकून त्या बाळाशी काहीतरी बोलत होता; फ्रेंचमध्ये की मराठीत, ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. बाळाने हात वर करून त्याचं नाक धरलं आणि तो हसला. छताच्या कडेआड आधी त्याचा चेहरा दिसेनासा झाला, मग खांदे, मग प्रॅम धरलेले हात. सगळ्यात शेवटी बूट राहिले. एक पायरी चाचपून वर, पुन्हा एक चाचपून वर. मग तेही गेले. ती बाई गेली. जिना रिकामा झाला, आणि विलासचा हात अजून हवेतच होता.